पावसाचा पाटकरी

इंदापूरकडच्या आमच्या कळस गावात पावसाला कुणी नावं ठेवत नाही. सरकारला ठेवतात, जावयाला ठेवतात, देवालासुद्धा वेळप्रसंगी दोन शब्द सुनावतात; पण पावसाबद्दल वाकडं बोलायचं नाही. लग्नाच्या मांडवात शिरून त्यानं बुंदीचा चिखल केला तरी नवरीच्या बापानं हात जोडून म्हणायचं, "आलास बाबा, बरं झालं." वर्षातून दोन-चारदा तोंड दाखवणाऱ्या पाहुण्यावर रुसून चालत नाही.

हा नियम गावात सगळेच पाळायचे. किसनराव रणवरे मात्र तो दुसऱ्यांकडून पाळून घ्यायचे. गाव त्यांना तात्या म्हणायचं. उंच, वाळका देह, डोक्यावर टोपी, हातात बाभळीची काठी, आणि बोलणं असं की समोरच्यानं चूक केलेलीच आहे, आता फक्त ती कोणती तेवढं ठरायचं आहे.

तात्या पाटकरी होते. ज्यांच्या रानाला पाट नाही त्यांच्यासाठी सांगते. धरणातून कालवा निघतो, कालव्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या. कुठल्या चारीचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे ज्याच्या हातात, तो पाटकरी. पगार शिपायाचा आणि रुबाब कलेक्टरचा. ज्यांच्या ओसरीवर पुढारी येऊन बसायचे असे बागायतदार तात्यांना रस्त्यात अडवून चहाला न्यायचे. तात्या चहा प्यायचे, बशीसुद्धा निथळून प्यायचे, आणि उठून ठरल्या वेळेला दार लावून टाकायचे.

आमचा कालवा भोरकडच्या धरणातून निघतो, बारामतीला उसात लोळून घेतो आणि आमच्याकडं येईस्तोवर दमून जातो. वरच्या अंगाला हेड म्हणतात, खालच्याला टेल. कळस टेलला. त्यातही आमच्या बौद्धवस्तीची रानं चारी जिथं जीव सोडते अगदी तिथं. पाणी आलं तर आलं, नाहीतर पुढच्या पाळीला बघू, असं ऐकतच मी मोठी झाले.

मी शाळेत असतानाची गोष्ट. भरदुपारी वरच्या एका बड्या घरचा पोरगा मोटारसायकल घेऊन चारीवर आला. त्याच्या उसाला अजून पाणी पाहिजे होतं आणि पाळी होती माझ्या वडिलांची, आमच्या आबांची.

"तात्या, त्या वस्तीवाल्याच्या रानात हाय काय? मटकी," तो म्हणाला.

"मटकी असंल न्हायतर माती असंल. पाळी त्येची हाय," तात्या म्हणाले. त्यांनी दार फिरवलं, त्या दाराच्या चाकाला टेकून भाकरी सोडली आणि कांदा फोडून जेवायला बसले. पोरगा उभाच राहिला. जेवण झाल्यावर तात्यांनी खालच्या अंगाला तोंड करून हाळी दिली, "पोचलं का?" लांबून आबांचा आवाज आला, "पोचलं." मग तात्यांनी हात धुतले.

पाणी टेलला गेलं की ही हाळी द्यायचीच, असा त्यांचा शिरस्ता होता. पुढं तो जिभेलाच चिकटला. बायकोला बाजार सांगितला की "पोचलं का?" मुलाला शिव्या दिल्या की "पोचलं का?" एकदा कुणाच्या तरी तेराव्याला दुखवट्याचं भाषण करून त्यांनी सगळ्या शोकाकुल मंडळींना शेवटी हेच विचारलं होतं, आणि दोघे-तिघे सवयीनं "पोचलं" म्हणाले होते.

निवृत्त झाल्यावर तात्या बारामतीला मुलाकडं राहायला आले. मी तोवर तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले होते. नव्वद-ब्याण्णव साल असेल. बारामतीत तेव्हा टीव्हीच्या छत्र्या आणि मंडळं एकाच वेगानं उगवत होती. त्यातलंच एक आमचं दुर्गप्रेमी मंडळ. आमच्या सपाट मुलखात सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी आणि त्याखालोखाल कालव्याचा भराव. आम्ही त्या भरावावर पाठीला पिशव्या लावून चढउतार करायचो आणि त्याला सराव म्हणायचो. मंडळाचे अध्यक्ष ढवळे विमा विकायचे. डोंगराचे धोके ते फार तळमळीनं समजावून सांगायचे. पहिल्या सहलीच्या आधीच मंडळाच्या निम्म्या सभासदांचे विमे उतरले होते.

तात्या मंडळात आले ते वेगळ्याच कामाला. सहल भोरकडं जाणार असं त्यांनी ऐकलं होतं.

"जल्मभर पाणी वाटलं पोरी, पर हेड न्हाय बघितलं," ते मला म्हणाले. "तितं कोण पाणी मारतंय ते एकदा डोळ्यानं बघायचं हाय."

मंडळाच्या बैठका माझ्या शाळेच्या वर्गात भरायच्या. पहिल्याच बैठकीत ढवळेंनी रेडिओवरचा अंदाज वाचून दाखवला: मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस. तात्या मागच्या बाकावरून उठले.

"तुरळक म्हंजे कुणाच्या रानात?"

ढवळे म्हणाले, "तसं नाव नसतं तात्या, अंदाज असतो."

"मी चारीवर उभा ऱ्हाऊन तुरळक ठिकाणी पाणी सोडतो म्हणलो असतो, तर लोकांनी मला पाटात बुडीवला असता," असं म्हणून तात्यांनी खडू हातात घेतला आणि त्या दिवसापासून मंडळाचं हवामानखातं त्यांच्याकडं गेलं. कुणी दिलं नाही, कुणी काढूनही घेतलं नाही.

त्यांचं शास्त्र मी माझ्याच वर्गातल्या फळ्यावर पाहिलंय. समुद्र म्हणजे धरण. ढग म्हणजे कालवा. सह्याद्री म्हणजे हेडचे दांडगे बागायतदार. सगळं पाणी आधी आपल्या रानात वळवून घेतात. मग पुरंदरकडचे हात मारतात, मग बारामतीचे, आणि उरलंसुरलं टेलला, म्हणजे इंदापुराला. आमच्याकडं पाऊस का पडत नाही याचं कारण त्यांच्या मते भूगोल नव्हतं, चोरी होती. मी त्यांना वारा, उंची, पर्जन्यछाया असं पुष्कळ समजावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे तेच की. डोंगर मधी आडवा पडलाय आन् पाणी खातोय." भूगोलाच्या पुस्तकात जवळपास तेच लिहिलेलं होतं.

शास्त्राचं दुसरं कलम असं की पाऊस पाळीनं येतो आणि पाळीनं जातो. त्याची वेळ चुकत नाही, आपल्याला कळत नाही एवढंच. आणि तिसरं कलम सगळ्यात कडक: पावसाला पाठ दाखवायची नाही. छत्री त्यांनी उभ्या जन्मात धरली नव्हती. "दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं व्हय?" असं ते विचारायचे. मंडळाच्या सामानाच्या यादीत कुणीतरी रेनकोट लिहिला होता, तो त्यांनी स्वतः खोडला. त्यात एकालाही वावगं वाटलं नाही, कारण आम्ही सगळे मूळचे बारामती-इंदापूरचे. पावसापासून जीव वाचवायचा असतो ही कल्पनाच आमच्यापैकी कुणाच्या घरात कधी शिरली नव्हती. आम्ही पावसासाठी जीव टाकणारी माणसं.

पहिली सहल दिवाळीनंतरची. भोरकडच्या गडावर पोचलो तर असं धुकं की स्वतःची चप्पल दिसेना. तात्यांनी काठी रोवली, नाकानं वारा हुंगला आणि सांगितलं, "थांबा. साडेनऊला दार उघडंल." साडेनऊच्या सुमाराला खरंच धुकं उठलं आणि खाली सगळा मुलूख दिसला. ऊन तापलं की डोंगरातलं धुकं उठतंच; पण आम्ही टाळ्या वाजवल्या. ढवळेंनी भाषण केलं. तात्यांनी खाली पसरलेल्या धरणाच्या पाण्याकडं बराच वेळ बघितलं आणि "हितं लई हाय की रं," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मंडळात तात्यांचा शब्द म्हणजे शब्द झाला. मला पटत नव्हतं, पण त्या टाळ्यांत माझ्याही दोन होत्या.

मग आली ती ऑगस्टची सहल.

भोरच्या पुढं एक लांबरुंद पठार आहे. वर चार-दोन घरं, बाकी कारवी आणि गवत. जाताना एक ओढा लागतो. सकाळी आम्ही तो घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला. पाऊस बारीक होता. आम्ही पंधराएक जण, एकाकडंही रेनकोट नाही, सगळे आनंदात. माझ्याबरोबर आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारी नलू जगताप होती. नलू म्हणजे मूठभर हाडं आणि मोठे डोळे. फुंकर मारली तर उडेल अशी, पण हौस दांडगी.

पठारावर पारूबाईचं घर होतं. ठेंगणी, काटक बाई. अंगावर घोंगडीची खोळ. तिनं आम्हाला चुलीपाशी घेतलं, कोरा चहा दिला आणि चुलीत फुंकणीनं फुंकता फुंकता म्हणाली, "जळो मेला ह्यो पाऊस. चूल धड पेटंना, गुरं कोंडून पडल्याती, अंगावरचं धडुतं वाळंना. कवा एकदा त्वांड काळं करतोय असं झालंय."

तात्यांनी कप खाली ठेवला. देवळात कुणीतरी थुंकल्यासारखं झालं.

"माय, पावसाला असं बोलू न्हाय," तात्या म्हणाले.

"का? त्यो ऐकतोय व्हय?"

"ऐकतोय."

"मग तर बरंच झालं." पारूबाई उठली, दारात गेली आणि बाहेर तोंड करून म्हणाली, "ऐक रं मेल्या. दोन म्हयनं झालं आमास्नी कुजवतोयस. लाज वाटू दे."

तात्या उठले. बागायतदारांच्या ओसरीवर ज्यांनी कधी चहा नाकारला नाही, त्यांनी तो कप तसाच ठेवला आणि बाहेर जाऊन भर पावसात टोपी काढून उभे राहिले. ओठ हलत होते. तिच्या वतीनं ते माफी मागत असावेत. थोड्या वेळानं मला म्हणाले, "हेडच्या माणसास्नी पाण्याची किंमत न्हाय. पोरी, ह्या असल्या बोलण्यानंच त्यो आपल्याकडं येत न्हाय." ते चिडले नव्हते, दुखावले होते. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

आम्ही उतरायला लागलो तेव्हा पाऊस चांगलाच धरला होता. ओढ्यापाशी आलो तर सकाळचा ओढा तिथं नव्हताच. गढूळ, कमरेच्या वर पाणी, त्यातून लाकडं वाहत होती. पुण्याची चार-पाच मुलं आमच्यामागून आली, रंगीबेरंगी रेनकोट घातलेली. त्यांनी पाणी बघितलं आणि सरळ माघारी पठाराकडं वळली. आमच्यातला एक जण हसून म्हणाला, "पाण्याला भ्याली बघा पुण्याची."

तात्यांनी काठाशी काठी रोवली. पाणी बघितलं, वरचा डोंगर बघितला.

"वरचं दार उघडं हाय. चारला बंद हुईल. बसा."

आणि आम्ही बसलो.

यात आश्चर्य वाटण्यासारखं आम्हाला काहीच वाटलं नाही. ज्यांचे बाप-आजे पाटाच्या कडेला बसून पाळीची वाट बघत म्हातारे झाले, त्यांना पाण्यापुढं दुसरं काही सुचतच नाही. आम्ही ओढ्याकाठी रांगेनं बसलो, तेही आल्या क्रमानं. ढवळे मागून आले होते, ते आपणहून शेवटी बसले. पिशव्यांतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. पाऊस भाकरीवर पडत होता. एका म्हाताऱ्या माणसानं चारला बंद होईल असं ओढ्याच्या वतीनं सांगितलं होतं, आणि पंधरा शिकलेली माणसं त्यावर विसंबून भिजत होती. त्यात बँकेतले दोघे होते, एक कंपाउंडर होता आणि एक मी होते, गणित शिकवणारी.

चार वाजले. पाणी वाढलं होतं. मग एक गोष्ट माझ्या नजरेत आली. तात्यांनी काठाची काठी हळूच उपटली आणि दोन हात मागं रोवली. इकडंतिकडं बघून घेतलं, कुणी पाहिलं का म्हणून.

"लेट झालंय," ते म्हणाले. "वरनं निरोप निघाला नसंल."

नलू माझ्या शेजारी कुडकुडत होती. दातावर दात वाजत होते. बऱ्याच वेळानं ते वाजायचे थांबले, तेव्हा मला बरं वाटलं. मग तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. ओठ निळे. मला म्हणाली, "मला ना, पिवळा खडू संपलाय." परत तेच म्हणाली. जीभ जड झालेली. मग माझ्या खांद्यावर मान टाकून म्हणाली, "झोपते गं जरा."

कंपाउंडरनं तिचा हात धरला आणि लगेच सोडला. "हिला आगीपाशी न्यायला पाहिजे, नाहीतर हातची जाईल," तो म्हणाला. म्हणाला, आणि तात्यांकडं बघत बसून राहिला. सगळेच तात्यांकडं बघत होते. माझं डोकं फिरलं. मी उठून त्यांच्यापुढं गेले.

"तात्या, नलू गार पडलीय. परत वर चला."

"हुईल गं बंद. माझा शब्द हाय चारचा."

"तुमचा शब्द ओढ्यानं ऐकलेला नाही," मी म्हणाले. "ही माणसं तुम्ही उठवल्याशिवाय उठायची नाहीत. पोरगी मरेल तात्या."

त्यांनी नलूकडं बघितलं. मग ओढ्याकडं. मग त्या रांगेकडं. आयुष्यात एकदा दिलेली वेळ त्यांनी बदलली नव्हती. बड्यांच्या पोरांसाठी नाही, साहेबांसाठी नाही. त्याच्यामुळंच आमच्या आबांच्या रानात पाणी आलं होतं, हे मलाही माहीत होतं. आणि तीच गोष्ट मी त्यांना मोडायला सांगत होते.

त्यांनी काठी उपटली.

"उठा," ते म्हणाले. "येळ चुकली माझी."

दोघांनी नलूला पाठुंगळी घेतलं, आळीपाळीनं. तात्या पुढं चालत होते, एकदाही मागं न बघता. पारूबाईच्या घरात पुण्याची मुलं आधीच चुलीपाशी शेकत बसली होती, ती सरकली. नलूला काय झालंय ते पारूबाईनं एका नजरेत ओळखलं. तिचे ओले कपडे काढले, घोंगड्यात गुंडाळली, पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळायला लागली आणि सुनेला पेज टाकायला सांगितलं. बाकीचे आत शिरले. तात्या बाहेरच राहिले, वळचणीच्या धारेखाली. ज्या घरचा चहा टाकून आलो त्या घरात कोणत्या तोंडानं जायचं, असं असावं.

पारूबाई थोड्या वेळानं दारात आली.

"आत या की आता."

तात्या हलेनात.

"का वो? अजून गोडच लागतोय का? सांगा बरं, कसा हाय पाऊस?"

तात्यांनी टोपी काढली. वर ढगाकडं बघितलं, मग खाली चिखलाकडं. टेलच्या माणसाला हे बोलणं किती जड जातं ते तिला कळणं शक्य नव्हतं. आम्हाला कळत होतं. बँकेतल्या एकानं तर तोंड फिरवलं.

"लई झाला, माय," तात्या म्हणाले.

पारूबाई हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं आपल्या अंगावरची खोळ काढून त्यांच्या डोक्यावर टाकली आणि दंडाला धरून आत आणलं. मला रडू आलं, ते नलूसाठी की तात्यांसाठी हे तेव्हाही कळलं नाही.

नलू रात्रीतून माणसात आली. पेज पिऊन तिनं पहिला प्रश्न विचारला, तो पिशवीतल्या तिच्या रंगपेटीबद्दल. सकाळी ओढा आपणहून उतरला. कुणी सांगितलं नाही, कुणाची वेळ घेतली नाही. आम्ही निमूट घरी आलो. पुढच्याच आठवड्यात मंडळात सगळ्यांचे रेनकोट आले आणि ढवळेंच्या पॉलिशीही बऱ्याच खपल्या. फळ्यावरचा कालवा पुसला गेला. तात्यांना कुणी काही बोललं नाही. पण ते यायचे थांबले ते थांबलेच. नलू त्यांच्या घरी डिंकाचे लाडू घेऊन गेली होती. तिला म्हणाले, "तू वाचलीस ते लाख झालं पोरी. पर माझ्या तोंडनं भलतंच निघून गेलं बघ."

ते काय म्हणत होते ते पुढच्या वर्षी कळलं. कळसला जून कोरडा गेला. जुलै कोरडा गेला. भोरकडं धो धो, आणि आमच्याकडं नुसता वारा. हे आमच्याकडं काही नवं नव्हतं. पण तात्या कळसला परत येऊन राहिले आणि त्यांनी जेवण कमी केलं. मी वर्तमानपत्र घेऊन त्यांना भेटायला गेले. बंगालच्या उपसागराचं सांगितलं, कमी दाबाचं सांगितलं, हे असं दर चार-दोन वर्षांनी होतंच हेही सांगितलं.

"असंल," ते म्हणाले. "पर मी लई झाला म्हणलो आन् त्येनं ऐकलं. जल्मभर ज्या टेलला पाणी पोचवलं, त्येचं पाणी म्याच तोडलं."

"मग पारूबाई तर रोजच शिव्या देते त्याला. तिच्याकडं का पडतो?"

"ती हेडची हाय. तिचं बोलणं त्यो मनावर घेत न्हाय. मी टेलचा. माझं घेतलं."

मला त्यांचा राग आला. एवढं पाप कुणी आपणहून डोक्यावर घेतं का? पण त्यांचं मनगट धरलं तर ते नलूच्या मनगटासारखं हाडकुळं लागलं, आणि मी वर्तमानपत्राची घडी घातली.

एक दिवस त्यांच्या घरून निरोप आला की तात्या कुणालाच न सांगता कुठंतरी गेलेत. आबांना बरं नव्हतं म्हणून मी कळसलाच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रस्त्याच्या फाट्यावर उभी असताना एसटी थांबली आणि तात्या उतरले. डोक्यावर खताची प्लॅस्टिकची पिशवी, तिचं तोंड घट्ट बांधलेलं. मागून कंडक्टर म्हणत होता, "म्हातारबाबा, पुढच्या टायमाला टँकरच घिऊन बसा." पिशवी कुठंतरी फाटली होती, तात्यांच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. आमच्या त्या भाजलेल्या फाट्यावर एकटा तोच माणूस ओला.

"कुठं गेला होता तात्या?"

"हेडला. जितं बोललो तितंच जाऊन माघारी घेतला शब्द. तिच्या दारात उभा ऱ्हाऊन पावसाला म्हणलो, लई न्हाय झाला, माझं चुकलं." जन्मात माघार न घेतलेला माणूस हे फार सरळ आवाजात सांगत होता.

"मग पारूबाई काय म्हणाली?"

तात्या गालात हसले. किती महिन्यांनी ते हसताना मी बघितलं. "म्हणली, शब्द न्या, आन् ह्यो मेला पाऊस बी न्या संगट. रातभर घोंगडं अंगणात पावसात भिजत टाकलं तिनं, आन् दिलं बांधून. हेडनं आपणहून सोडलं बघ पोरी. जल्मात पयल्यांदा."

मला वाटलं ते आपल्या रानाकडं वळतील. ते वळले नाहीत. कोरड्या चारीच्या कडेनं चालत चालत ते आमच्या रानाशी आले, चारी जिथं जीव सोडते तिथं. पिशवी सोडली. आतलं घोंगडं काळंभोर, जड झालेलं. त्याला ओल्या लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. त्यांनी ते दोन्ही हातांनी पिळलं. मी एक टोक धरलं. पाण्याची धार भेगाळलेल्या सरीत पडली आणि दिसेनाशी झाली. मग उरली ती नुसती ठिपक्यांची ओल.

तात्यांनी वस्तीकडं तोंड केलं आणि हाळी दिली, "पोचलं का?"

आबा लिंबाखाली बाजेवर पडलेले. त्यांचा हात उचललेला दिसला, पण आवाज काही आला नाही. तात्या तसेच वाट बघत उभे राहिले. घोंगडीभर पाण्यानं काय भिजतं आणि काय नाही हे मला सांगता आलं असतं. समोर बघितलं तर ती ओलसुद्धा वाळत चालली होती.

"पोचलं, तात्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, काठी उचलली, चारीच्या तोंडाशी गेले आणि ठणठणीत कोरड्या चारीचं दार खाली करून नीट लावून टाकलं.